मदत हवी आहे : फिटर आयटीआय की मेकॅनिकल डिप्लोमा?

नमस्कार मंडळी. भाच्याला दहावीला ६८ टक्के आहेत, गणितात ५४. हात चांगला चालतो. कानशीने पट्टी घासून गुण्यात (काटकोनात) आणणं आणि व्हर्नियरवर (बारीक मापाच्या पट्टीवर) ०.०२ मिमीपर्यंत वाचणं त्याला जमतं. अकरावी सायन्स नको, यावर घरी एकमत आहे. प्रश्न पुढचा आहे.

पुण्यात औंधच्या सरकारी आयटीआयला फिटर (यंत्राचे भाग घडवून जुळवण्याचा ट्रेड) केलं तर २ वर्षं, मग अ‍ॅप्रेंटिसशिप (कारखान्यात उमेदवारी). डिप्लोमा ३ वर्षांचा, त्यानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिसरी वाट म्हणजे आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जायचं. म्हणजे एकूण ४ वर्षं, पण हातात ट्रेडचं सर्टिफिकेट आणि डिप्लोमा दोन्ही.

मला ही वाट पटते, पण अडचण गणिताची आहे. थेट दुसऱ्या वर्षात गेल्याने डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन (कलनाचं गणित) शिकायचं राहून जातं, आणि दुसऱ्या वर्षी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये (पदार्थांच्या ताकदीचा विषय) बेंडिंग मोमेंट (तुळई वाकवणाऱ्या जोराचं गणित) आला की पाया नसल्याने मुलं अडकतात. नुसतं पाठांतर तिथे चालत नाही.

तर विचारायचं हे :

आयटीआयवरून थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांनी आधीच्या सुट्टीत गणिताचे नेमके कोणते धडे करून घेतले? भोसरी-चाकणकडच्या टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवण्याच्या विभागात) कामावर घेताना फिटरपेक्षा टूल अँड डाय मेकर (साचे बनवणारा) ट्रेडला जास्त विचारतात का? आणि नोकरी सांभाळून डिप्लोमा पुरा करणं शिफ्टमध्ये खरंच जमतं का?

प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म (पसंतीक्रमाचा अर्ज) भरताना क्रम चुकवायचा नाहीये. पहिल्या पसंतीचं मिळालं की तीच जागा पक्की होते, म्हणून आधीच विचारतोय.