मदत हवी आहे : पोलंडमधलं मार्कोवा गाव
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी मार्कोवाच्या उल्मा कुटुंबावर लिहितेय. युझेफ उल्मा साधा शेतकरी. फळझाडं, मधमाश्या आणि फोटोग्राफीचं वेड. त्याने व त्याची बायको विक्टोरियाने माळ्यावर आठ ज्यूंना लपवलं. २४ मार्च १९४४ला जर्मनांनी त्या आठांसकट या दोघांना आणि त्यांच्या सहा लेकरांना ठार मारलं. विक्टोरिया गरोदर होती.

तरीही गावातल्या काही घरांनी लपवलेल्या ज्यूंना बाहेर काढलं नाही. मला खरं तर त्यांच्याबद्दलच लिहायचंय. घरात तोंडं वाढली की शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून धान्य, धुणं लपवायचं कसं? (आपल्याकडे तर पाहुणा आला तरी गावभर होतं!)

तिथलं संग्रहालय कुणी पाहिलंय का? इंग्रजीत माहिती मिळते का? युझेफने काढलेले फोटो छापायला परवानगी कुणाकडे मागायची? पोलिश वाचणारं कुणी असेल तर प्लीज मेसेज करा.