बार्कूची पोटनिवडणूक: रायन कोणता आणि मतदार कोण

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की 1892 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या बार्कू मतदारसंघातली पोटनिवडणूक जिंकणारा टी. जे. रायन पुढे क्वीन्सलंडचा प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) झाला. तसं नाही. हे दोन वेगळे थॉमस जोसेफ रायन. प्रीमियर झालेला रायन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तो बार्कूतून 1909 मध्ये निवडून आला. 1892 चा रायन आदल्या वर्षीच्या मेंढ्या कातरणाऱ्यांच्या संपातला पुढारी, तिथल्या बार्काल्डिन गावातल्या रेल्वे स्टेशनासमोरच्या झाडाखाली सभा घेणाऱ्यांपैकी एक. संप मोडला, पुढारी तुरुंगात गेले, आणि वर्षभरात त्याच भागाने संपवाल्यालाच विधानसभेत पाठवलं. हा विजय मोठाच, यात वाद नाही.

पण या विजयाबद्दल "सामान्य माणसाचं मत जिंकलं" असं म्हणणं मला पटत नाही. बायकांना मत नव्हतं, ते 1905 मध्ये मिळालं. मालमत्तेशिवाय मत हवं तर मतदारसंघात सहा महिने वास्तव्य लागे, आणि मेंढ्या कातरणारा तर कातरणीच्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फिरणारा. शिवाय 1885 च्या निवडणूक कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की ऑस्ट्रेलिया, भारत, चीन किंवा दक्षिण समुद्रातल्या बेटांचा मूळ रहिवासी स्वतःच्या मालकीची जमीन असल्याखेरीज यादीत येणार नाही. म्हणजे ज्यांची ती भूमी, तेच बाहेर. आणि ब्रिटिश राणीचा प्रजाजन असलेला आपला भारतीय माणूसही त्याच ओळीत. बार्कूबद्दल बोलताना हे कलम सोडून चालणार नाही.