वडील तुरुंगात आहेत, त्यांचं लिव्हिंग विल कसं करायचं?

माणदेशी:
आप्पा ७१ वर्षांचे, मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगतायत. हृदयाचं पंपिंग २५ टक्क्यांवर आलंय. गेल्या पावसाळ्यात त्यांना रात्रीतून रुग्णालयात हलवलं, व्हेंटिलेटर लावला. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही दुसऱ्या एका बंदीच्या घरच्यांकडून. त्यातून ते उठले. परवाच्या मुलाखतीत काचेपलीकडून म्हणाले, "पोरी, परत त्या नळ्या नकोत. कुठंतरी लिहून ठेव." एवढं बोलायला तीनदा थांबले. मी वहीत लिहून ठेवलंय, पण माझ्या वहीला कोण विचारणार? लिव्हिंग विल म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, तो कैद्याला करता येतो का? नोटरी आत कसा न्यायचा? आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

विधीमित्र:
ताई, करता येतं. मी विधी सेवा प्राधिकरणातर्फे कारागृहात जातो, म्हणून सविस्तर लिहितो. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवरच्या ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये धरला, आणि शिक्षा लागली म्हणून कलम २१ संपत नाही. माणूस सज्ञान हवा, शुद्धीवर हवा आणि त्याच्यावर दबाव नको.

तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. तुमची वाट इथेच आहे. मध्यवर्ती कारागृहाचे अधीक्षक स्वतः राजपत्रित असतात. वकालतनाम्यावर बंदीची सही त्यांच्यामार्फत होऊन बाहेर येते, तसाच हा कागद करून देण्याची विनंती करा. मसुदा टाइप करून अर्जाला जोडा आणि पोच घेतल्याशिवाय गेटवरून हलू नका. "आमच्याकडे असा फॉर्म नाही" म्हणाले तर वाद घालू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज टाका. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

साक्षीदार म्हणून कारागृहाचा कर्मचारी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या कुणी म्हणेल, दबावाखाली सही केली. वकील आणि एखादा विधी स्वयंसेवक बरा. आप्पांना संचित रजा (फर्लो, म्हणजे शिक्षेदरम्यान काही दिवस घरी जाण्याची सुट्टी) मिळणार असेल तर सगळ्यात सोपं, गावातच नोटरी करा.

परिचारिका:
माझी बावीस वर्षं अतिदक्षता विभागात गेली. "नळ्या नकोत" एवढंच लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येक डॉक्टर वेगळा लावतो. व्हेंटिलेटर, छाती दाबणं, डायलिसिस, नाकातून अन्न, एकेक विचारून लिहा. काय हवंय तेही लिहा. धाप कमी करणारं औषध, वेदना होऊ नयेत म्हणून इंजेक्शन, आणि लेक जवळ असावी ही इच्छा.

दुसरं, कागद कुठे असेल याचा विचार करा. कारागृहातून पेशंट येतो तेव्हा सोबत पोलीस असतात आणि एक रेफरल चिठ्ठी. पोलीस पाळीगणिक बदलतात. चिठ्ठीत उल्लेख नसेल तर रात्री दोन वाजता नळी घालणाऱ्या डॉक्टरला काही कळायचा मार्गच नाही. एक प्रत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडच्या फाइलला लावून घ्या, फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहायला सांगा.

आणि हे नीट समजून घ्या. आप्पा बोलू शकतात तोवर निर्णय त्यांचाच. कागद लागू होतो तो बोलता येईनासं झाल्यावर आणि बरं होण्याची आशा उरली नाही तरच. त्यासाठी डॉक्टरांची दोन मंडळं बसतात, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. साधा न्यूमोनिया झाला तर उपचार होतील, व्हायलाच हवेत.

माणदेशी:
निर्णय घेणारं माणूस म्हणून माझं नाव घालू की भावाचं? तो दुबईला असतो.

विधीमित्र:
दोघांची घाला, पहिलं तुमचं. एक प्रत तुमच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत द्यायची असते, ती जपून ठेवायला तिथे अधिकारी नेमायला सांगितलंय. कुणाला माहीत नसेल तर निकालाची प्रत सोबत न्या. गोव्यात ३१ मे २०२४ ला न्यायमूर्ती महेश सोनक यांनी उच्च न्यायालयात पदावर असताना स्वतःचं लिव्हिंग विल केलं. त्या बातमीचं कात्रण मी अर्जाला जोडतो, ते वाचल्यावर समोरचा नीट ऐकून घेतो.

रानवाट:
माझा भाऊ कोठडीतच वारला, म्हणून एक सांगते. मृत्यू आजाराने झाला, सगळं त्याच्या इच्छेप्रमाणे झालं, तरी कोठडीतला मृत्यू म्हणून शवविच्छेदन आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. कारागृहाला २४ तासांत मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत शवागाराबाहेर बसलो होतो, आई सारखी विचारत होती, त्याला अजून का कापतायत. तुमच्या आईला आत्ताच सांगा. आणि अपील चालू असेल तर आजारपणासाठी जामिनाचा अर्जही टाका. कागद झाला म्हणून तो थांबवू नका, घरी जाता आलं तर त्याहून चांगलं काय.

माणदेशी:
काल रात्री आईला सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यादीत माझंही नाव घाल, आणि तुझं खाली लिही." मसुदा बदललाय. गुरुवारी मुलाखत आहे, आई सोबत येतेय.