अनुभव धागा: कॉन्फरन्सहून आल्यावर तुम्ही पण दोन दिवस आडवे होता का?

मंडळी, मी गंगाखेडला दवाखाना चालवतो. मागच्या महिन्यात पुण्याला तीन दिवसांच्या कॉन्फरन्सला जाऊन आलो. डॉक्टरकीची नोंदणी चालू ठेवायला मेडिकल कौन्सिलचे ५ वर्षांत ३० क्रेडिट (अशा कॉन्फरन्सला बसून मिळणारे गुण) भरायचे असतात, त्यामुळं जाणं भागच, पण येताना सोबत काय तर एक बॅग, दोन पेन अन् घशाची खवखव. पहिल्या दिवशी सलग सहा लेक्चर ऐकली, आज एक बी आठवत नाही. पुढची संभाजीनगरला, एप्रिलच्या उन्हात. तब्येत बी राहावी अन् चार गोष्टी पदरात बी पडाव्यात म्हणून तुम्ही काय करता? भाषण नको, आपापलं झालेलं लिहा.

जालनेकर: मी सीए. पहिल्या खेपेला लॉजचे पैसे वाचवायला रात्रीच्या देवगिरीनं मुंबई गाठली, स्टेशनवरच अंघोळ केली अन् थेट हॉलमध्ये. दुपारी जेवण झालं, एसी फुल, अन् जीएसटीच्या सेशनला मी दुसऱ्या रांगेत चक्क घोरायलो होतो, शेजारच्यानं ढोसलं तेव्हा कळलं. आता आदल्या दिवशी जातो अन् बॅगेत शाल ठेवतो, हसणारे हसू द्या.

परभणीकर: आमचं शेतीचं खातं, त्यामुळं चर्चासत्र म्हणलं की शिवारफेरी आलीच. एका ठिकाणी आयोजकांनी ती मे महिन्यात दुपारी दोनला ठेवली, पारा ४२, पायात नवे कोरे बूट, सकाळपासून चार कप चहा अन् पाणी घोटभर. बांधावरच डोळ्यापुढं अंधारी. कुणीतरी ओआरएसचं पाकीट दिलं, मी अख्खं पाकीट एका ग्लासात ओतलं, तर एक पोरगं पळत आलं, म्हणे काका ते एक लिटरचं हाय! तेव्हापासून पाण्याची बाटली अन् जुनेच बूट.

गंगाखेडकर: पोरगं हुशार निघालं. ग्लासभर पाण्यात मीठ-साखर लई दाट होते, उलट त्रास वाढतो.

धाराशिवकर: मी प्राध्यापक, शुगर आहे. उद्घाटन दहाचं, पाहुणे आले साडेअकराला, मग सत्कार, शाल-श्रीफळ, मग सत्काराला उत्तर, जेवण काही लागेना. मी आपली रोजच्या वेळेला जेवणाआधीची गोळी घेऊन बसलेली! पावणेतीनला हात थरथरायला लागले, दरदरून घाम, शेजारच्या मॅडमनी पर्समधली चॉकलेटं दिली म्हणून निभावलं. आता ताट समोर आल्याशिवाय गोळी नाही अन् पर्समध्ये धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी कायम. लाज वाटायची आधी, पण गेल्या वर्षी डबा उघडला तर चौघीजणी गोळा झाल्या, पनीर सोडून धपाट्यावर तुटून पडल्या, अन् बोलता बोलता त्यातल्या एकीच्या कॉलेजात आमच्या मुलींची इंटर्नशिप ठरली. तीन दिवस स्टेजसमोर बसून हे झालं नसतं.

गंगाखेडकर: मॅडम, गोळीच्या वेळेचं तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. अन् थरथर सुटली तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, धपाटं मागून, तेलामुळं त्याची साखर रक्तात हळू चढते.

नांदेडकर: मी ग्रंथपाल, बुजरी. ओळख काढायची म्हणलं की पोटात गोळा यायचा. मग पोस्टरवाल्यांकडं जायला लागले, आपलं काम पोस्टरवर मांडून ते बिचारे उभेच असतात, कुणी विचारलं की खूश. तिथंच एका मुलानं मला कोहामध्ये मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत कशा करायच्या ते लॅपटॉपवर दाखवलं, ग्रंथालयाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे हे अन् आमच्याकडं दोन वर्षं नुसतं पडून होतं. आता कार्ड घेतलं की मागं लगेच लिहिते, कोण, कशावर बोललो. नाहीतर घरी आल्यावर वीस कार्डं अन् एक चेहरा आठवत नाही.

संभाजीनगरकर: डॉक्टरसाहेब, एक दिवस जास्तीचा ठेवणार असाल तर वेरूळ मंगळवारी बंद अन् अजिंठा सोमवारी. नागपूरचे आमचे दोन मित्र मंगळवारी वेरूळच्या गेटवरून परत आलेत. अन् लेणी सकाळी लवकर उरका, अकरानंतर दगड तापतो.

गंगाखेडकर: धाराशिवच्या मॅडम, तुम्ही येणार का एप्रिलला? धपाट्याचं विचारायलो.

धाराशिवकर: मी प्राध्यापक हो, तुमच्या डॉक्टरांत काय करू! कृती देते, वहिनींना करायला नका लावू, तुम्हीच थापा.