मदत हवी आहे: आमचे स्मिथ मूळचे कोण?

नमस्कार मंडळी. माझं सासर आयर्लंडमधल्या कॅव्हन काउंटीतलं, आडनाव स्मिथ. तिथले पुष्कळ स्मिथ मूळचे मॅकगोवन, म्हणजे लोहाराचा मुलगा. आडनावाचं सरळ इंग्रजी भाषांतर झालं. काही मात्र इंग्लंडहून आलेले. आमचे कुठले?

१९०१ च्या जनगणनेत सासूबाईंचे आजेसासरे सापडले, धर्म कॅथलिक, म्हणजे बहुधा मूळचे आयरिशच. पण ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात (१८४७–६४) त्याच टाउनलँडमध्ये (गावाहून लहान असा जमिनीचा विभाग) एकाच नावाचे तीन स्मिथ! १८२१ ते १८५१ च्या जनगणनेच्या नोंदी डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला १९२२ मध्ये लागलेल्या आगीत जवळपास सगळ्याच गेल्या, फार हळहळ वाटते. आता भिस्त चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींवर. त्यांतलं लॅटिन हस्ताक्षर लागणारं कुणी आहे का? सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, रोज विचारतात.