फिलिपिन्समध्ये नुकतीच नर्स झालेली मुलगी : परदेशातल्या रजिस्ट्रेशनची सुरुवात कुठून करावी?

कोकणकन्या_अबुधाबी

नमस्कार मंडळी. प्रश्न मराठी मुलीचा नाही, पण इथे परदेशात नर्सिंग करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते आहे.

आमच्याकडे मुलांना सांभाळायला फिलिपिन्सची एक ताई आहे, इलोइलोची. इथल्या पगारातून तिने धाकट्या बहिणीचं चार वर्षांचं बीएस नर्सिंग पूर्ण करवून घेतलं. कॉलेजची फी, युनिफॉर्म, शेवटी रिव्ह्यू सेंटरचा (बोर्डाच्या तयारीच्या क्लासचा) खर्च, सगळं तिनेच केलं. बहीण नोव्हेंबरची बोर्डाची परीक्षा पास झाली, शपथविधी झाला, पीआरसीचं (तिथल्या व्यावसायिक नोंदणी आयोगाचं) कार्डही हातात आलं. निकालाच्या दिवशी ताईने आम्हा सगळ्यांना पान्सित (त्यांच्याकडच्या नूडल्स) करून घातलं.

आता दुबईतला एक एजंट मागे लागलाय. तो म्हणतो, मुलीला व्हिजिट व्हिसावर बोलावून घ्या, आधी एखाद्या घरी केअरगिव्हर म्हणून लावतो, नर्सिंगचं लायसन्स नंतर बघू. त्याचे 1 लाख 80 हजार पेसो, निम्मे आगाऊ. ताई साठवलेले पैसे काढायला निघाली आहे. मला हे अजिबात पटत नाही. पण तिला नुसतं "नको" म्हणून भागणार नाही, मग काय करायचं तेही सांगता यायला हवं. मुलीच्या मनात यूके किंवा अमेरिका आहे, अनुभव अजून काहीच नाही. वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात आणि एक भाऊ अजून शाळेत आहे, त्यामुळे घरच्यांना घाई आहे. पहिलं पाऊल कोणतं टाकावं?

शारजाकर

पैसे देऊ देऊ नका. मी इथे पीआरओचं काम करतो, दिवसभर व्हिशाचीच कागदपत्रं बघतो. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे. पकडलं गेलं तर दंड आणि डिपोर्टेशन मुलीच्या नावावर लागतं, एजंट नामानिराळा राहतो. शिवाय पहिल्यांदाच परदेशी निघालेली एकटी मुलगी व्हिजिट व्हिसावर दिसली की मनिलाचे इमिग्रेशनवाले खोदून खोदून विचारतात आणि संशय आला तर विमानात बसू देत नाहीत. फिलिपिनो लोक त्याला ऑफलोड म्हणतात.

सरळ रस्ता असा आहे: त्यांच्या डीएमडब्ल्यू खात्याचा (परदेशात काम करणाऱ्यांचं सरकारी खातं) परवाना असलेली एजन्सी, यूएईतल्या त्यांच्या मायग्रंट वर्कर्स ऑफिसने तपासलेला करार, आणि मग ओईसी, म्हणजे परदेशी कामावर जाण्याचं त्यांच्या सरकारचं प्रमाणपत्र. एजन्सीला फी घेता येते तिथेसुद्धा ती जास्तीत जास्त एका महिन्याच्या पगाराएवढी असते, तीही करारावर सही झाल्यावर आणि पावती देऊन. आगाऊ निम्मे मागणारा माणूस यात कुठेच बसत नाही. ताईला सुट्टीच्या दिवशी त्या ऑफिसात पाठवा, एजन्सीचं नाव सांगितलं की परवाना आहे की नाही ते तिथे कळतं.

मिरजेची_सिस्टर

कोकणकन्याताई, शारजाकरांनी लिहिलंय ते खरं आहे. मला त्याच्याही पुढचं नुकसान दिसतं. पैसे बुडाले तर ते पुन्हा कमावता येतात. पण केअरगिव्हर म्हणून काढलेली वर्षं नर्सिंगच्या अनुभवात धरली जात नाहीत. दोन वर्षांनी ही मुलगी अर्ज करेल तेव्हा कागदावर ती आजच्याइतकीच नवखी असेल, आणि वर दोन वर्षांची गॅप दिसेल ती वेगळीच. मी रियाधला होते तेव्हा आमच्या वॉर्डात अशा मुली होत्या. पदवीधर नर्स, हात अतिशय चांगला, पण आलेल्या असिस्टंटच्या व्हिसावर. पेशंटला आंघोळ घालायची, बेड करायचे, आणि औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही. त्यांची घुसमट मी रोज बघितली आहे, म्हणून इतकं लांबलचक लिहिते आहे.

माझं जीएनएम मिरजेचं, मग पोस्ट बेसिक बीएस्सी, पुढे रियाध, आणि आता उत्तर इंग्लंडात एनएचएसच्या मेडिकल वॉर्डात आहे. दोन्हीकडे ड्यूटीला फिलिपिनो सिस्टर नाहीत असा दिवस क्वचितच गेला असेल.

माझं मत स्पष्ट सांगते. पहिलं पाऊल तिकिटाचं नाही, आणि आयईएलटीएसचंही नाही. पहिलं पाऊल एनक्लेक्सचं, म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवण्याच्या परीक्षेचं. तिने घरी राहून, नोकरी धरून, अभ्यास ताजा आहे तोवर ही परीक्षा देऊन टाकावी. कारण सांगते. फिलिपिन्स 1898 नंतर अमेरिकेच्या ताब्यात होता आणि नर्सिंगचं शिक्षण तिथे अमेरिकन वळणावर, इंग्रजीतून उभं राहिलं. देशातलं पहिलं नर्सिंग स्कूल तर तिच्याच इलोइलोत, मिशन हॉस्पिटलमध्ये 1906 मध्ये निघालं. ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं हॉस्पिटल, आमचं मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटलही त्याच मिशनचं, त्यामुळे मला इलोइलो हे नाव ऐकूनच जवळचं वाटतं. 1948 पासून तिथल्या नर्सेस एक्स्चेंज प्रोग्रॅमवर अमेरिकेत जायला लागल्या. थोडक्यात, तिने जे चार वर्षं शिकलंय ते या परीक्षेच्या बरंच जवळचं आहे. आपल्या मुलींना ती पद्धत नव्याने अंगवळणी पाडून घ्यावी लागते.

आणि एनक्लेक्स फक्त अमेरिकेसाठी नाही. कॅनडा 2015 पासून तीच घेतं, ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रेशनसाठीची पहिली परीक्षाही तीच, त्यानंतर ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षेचं केंद्र मनिलात आहे. आधी एखाद्या अमेरिकन राज्याच्या बोर्डाकडे अर्ज करायचा, कॉलेज आणि पीआरसीकडून कागद तिकडे पोचवायचे, परवानगी आली की तारीख घ्यायची. परीक्षेची फी 200 डॉलर, अमेरिकेबाहेरच्या केंद्राचे आणखी 150, बोर्डाची आणि कागद तपासणीची फी वेगळी. एजंट मागतोय त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत हे सगळं होऊन जाईल आणि निकाल तिच्या स्वतःच्या नावावर राहील.

आयईएलटीएस किंवा ओईटी मात्र आत्ता नको. त्या गुणांची मुदत दोन वर्षं असते. मुली उत्साहाने आधी इंग्रजीची परीक्षा देतात, मग अनुभव गोळा करता करता मुदत संपते आणि तीच फी पुन्हा भरावी लागते. नोकरीचा अर्ज टप्प्यात आला की द्यावी. यूकेसाठी आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये एकूण 7 लागतात, लेखनात 6.5 चालतात.

यूकेचं म्हणाल तर एनएमसीने (इथल्या नर्सिंग कौन्सिलने) वर्षभराच्या अनुभवाची अट 2019 मध्येच काढून टाकली. कागदोपत्री अगदी नव्या पदवीधरालाही अर्ज करता येतो. घरच्या देशात सीबीटी (संगणकावरची परीक्षा) द्यायची, इथे येऊन दहा स्टेशनची ऑस्की. पण अर्ज करता येणं वेगळं आणि नोकरी मिळणं वेगळं. गेल्या काही वर्षांत ट्रस्टनी (म्हणजे एनएचएसच्या हॉस्पिटलांनी) बाहेरची भरती खूप आखडती घेतली आहे, आणि जी थोडी होते तिथे वॉर्डाचा अनुभव विचारतातच. ऑस्कीत तरी नवीन मुलगी कुठे अडते? बीपी घेण्यात अडत नाही. पेशंट बिघडतोय हे ओळखून कोणाला, काय आणि कुठल्या क्रमाने सांगायचं, तिथे अडते. हे पुस्तकातून येत नाही, नाइट ड्यूटीला एकटीवर वॉर्ड असताना येतं.

अमेरिकेसाठी एनक्लेक्सनंतर व्हिसास्क्रीन (व्हिशासाठी शिक्षण आणि लायसन्सची पडताळणी) आणि ईबी-3 ची, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांग. रांग लांब आहे, वर्षांच्या हिशेबात चालते, कधी पुढे सरकते तर कधी मागे जाते. म्हणून "सहा महिन्यांत अमेरिका" असं कोणी म्हणालं की तिथून उठावं. करार सोडला तर किती दंड, हे कलम तर शंभरदा वाचावं. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात फिलिपिनो नर्सेसनी यावरच दावा लावला होता. नोकरी सोडल्यास 25,000 डॉलर भरा असं कलम होतं. 2019 मध्ये निकाल नर्सेसच्या बाजूने लागला. निकाल लागला तरी अशी कलमं बाजारातून गेलेली नाहीत.

दवाओत_शिकणारा

मी इकडे मेडिकलला आहे (दवाओत आपली मुलं भरपूर आहेत, लातूर-नांदेडची तर खूपच). इंटर्नशिपमध्ये सगळा वेळ नर्सेसबरोबर जातो, म्हणून इकडची बाजू सांगतो.

सिस्टर म्हणतात तसा अनुभव घ्यायचा तर सरकारी हॉस्पिटल बघा. इलोइलोतच वेस्टर्न व्हिसायास मेडिकल सेंटर आहे. सरकारी कायम पोस्टला सॅलरी ग्रेड 15 आहे, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. महिन्याला 35,000 पेसोंच्या वर पडतात. खासगीत पुष्कळ ठिकाणी याच्या निम्म्यावर बोळवण होते. अडचण एवढीच की कायम जागा कमी निघतात. बहुतेक नवीन पोरं जॉब ऑर्डरवर, म्हणजे कंत्राटावर लागतात. काम तेच, पण रजा नाही आणि भत्तेही नाहीत. तरी लागावं असं मला वाटतं, कारण पेशंटची गर्दी प्रचंड असते आणि दोन वर्षांत सगळं बघून होतं.

"व्हॉलंटियर नर्स" म्हणून फुकट राबायला मात्र तयार होऊ नये. एकेकाळी इकडे अनुभवाच्या कागदासाठी नर्सेस उलट हॉस्पिटललाच पैसे भरायच्या. सरकारने ते बंद केलं, पण कोणी वेगळ्या नावाखाली विचारलं तर सावध राहावं.

कोकणकन्या_अबुधाबी

खूप खूप आभार. काल रात्री हे सगळं ताईला इंग्रजीत वाचून दाखवलं. एजंटला नाही म्हणायचं ठरलं आहे. फक्त एक शंका: दोन वर्षं तिथेच थांबायचं म्हणजे घरी पैसे यायला उशीर, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा घोर आहे. पैसे न भरता लवकर निघता येईल असा एखादा खात्रीचा मार्ग आहे का?

स्टुटगार्टकर

जर्मनीचा ट्रिपल विन, परदेशी नर्सेस आणण्याचा सरकारी कार्यक्रम. दोन्ही सरकारांमध्ये 2013 मध्ये करार झाला, नर्सकडून पैसे घेत नाहीत, भाषेचा क्लास आणि विमानाचं तिकीट मालकाच्या खर्चाने. बी1 पातळीपर्यंत जर्मन फिलिपिन्समध्येच शिकायचं, इथे आल्यावर बी2 ही पुढची पातळी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करायची. तोपर्यंत असिस्टंटच्या कामावर आणि पगारावर असतात. पण हा असिस्टंट वेगळा, पुढे नर्स करण्याचं करारातच लिहिलेलं असतं. आमच्या शेजारच्या वृद्धाश्रमात सेबूच्या दोघी अशाच आल्या. एक इशारा देतो, जर्मन मनापासून शिकायची तयारी असेल तरच. व्याकरण दमवतं, आणि इथल्या आजी-आजोबांची श्वाबियन बोली क्लासमध्ये कोणी शिकवत नाही. अनुभवाची अट यालाही आहे, त्यामुळे वॉर्डातलं एक वर्ष चुकत नाहीच.

मिरजेची_सिस्टर

स्टुटगार्टकर, धन्यवाद, हा पर्याय मी लिहायला हवा होता. कोकणकन्याताई, घाई असेल तर हाच बघा. वॉर्डाची नोकरी करत करत जर्मनचा क्लास, असं वर्ष सत्कारणी लागेल. पण जर्मन आणि एनक्लेक्स एकाच वेळी डोक्यावर घेऊ नये. दोन्हीपैकी एक ठरवावं, आणि ते त्या मुलीने ठरवावं. सगळा खर्च ताईने केलाय म्हणून ती ताईच्या तोंडाकडे बघून "हो" म्हणेल, मी अशा खूप जणी पाहिल्या आहेत. तिच्याशी तुम्ही स्वतः एकदा व्हिडिओ कॉलवर बोललात तर बरं होईल.

यूकेचाच हट्ट असेल तर आधी सिंगापूर किंवा सौदी करून येणाऱ्याही बऱ्याच आहेत. सौदीला डाटाफ्लो लागतं, म्हणजे ते लोक कॉलेजला, पीआरसीला आणि हॉस्पिटलला थेट विचारून प्रत्येक कागद पडताळतात. आणि एप्रिल 2025 पासून ऑस्ट्रेलियाने सिंगापूर, यूके, आयर्लंड अशा काही देशांत रजिस्टर होऊन 1,800 तास काम केलेल्या नर्सेसना परीक्षेशिवायचा छोटा रस्ता उघडला आहे. थेट फिलिपिन्समधून तो मिळत नाही.

कागदांचं आत्ताच करून ठेवा. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, क्लिनिकलच्या तासांचा तपशील, बोर्डाचं सर्टिफिकेट, जन्मदाखला. शिक्षक बदलतात, रजिस्ट्रार बदलतात, मग एका सहीसाठी महिने जातात. माझी रियाधची फिलिपिनो इन्चार्ज जून 2006 च्या बॅचची होती. त्या वेळी बोर्डाचा पेपर फुटला आणि अमेरिकेच्या व्हिसास्क्रीनसाठी त्या सगळ्या बॅचला दोन विषय पुन्हा द्यावे लागले, ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांनाही. तेव्हापासून ती एकेक पावती जपून ठेवायची.

आणि नाव तपासा. त्यांच्याकडे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. पासपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट आणि पीआरसी कार्ड, तिन्हीवर ते अक्षर न् अक्षर सारखं हवं. कुठे नुसतं आद्याक्षर आणि कुठे पूर्ण नाव असेल तर फरकाचं प्रतिज्ञापत्र तिथल्या नोटरीकडून आत्ताच करून घ्यायला सांगा. हॉस्पिटलला लागल्यावर अनुभवपत्रात वॉर्डाचं नाव, बेडची संख्या आणि तारखा लिहून मागायच्या. मसुदा हवा असेल तर मला इथे मेसेज करा, आमच्या वॉर्डातल्या सिस्टरकडून मागून पाठवते.