दुधातलं व्हिटॅमिन डी२ ईएसआयवर (विद्युतभारित थेंबांच्या फवाऱ्यातून आयन काढणारा सोर्स) धड दिसत नाही. एपीसीआय (आधी वाफ करून मग आयन बनवणारा सोर्स) लावू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फूड टेस्टिंग लॅबमध्ये आहे, एलसी-एमएस/एमएस (ट्रिपल क्वाड; कॉलमने घटक वेगळे करून त्यांच्या आयनांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) मीच चालवतो. आजवर कीटकनाशकं आणि अँटिबायोटिक्स केली, तिथे ईएसआयने कधी दगा दिला नाही. आता फोर्टिफाइड टोन्ड दूध यायला लागलंय. एफएसएसएआयच्या मानकात लिटरला ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी, म्हणजे मि.लि.ला ५ ते ७.५ नॅनोग्रॅम.

पद्धत अशी: १० मि.लि. दूध, पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून रात्रभर खोलीच्या तापमानाला सॅपोनिफिकेशन (अल्कलीने फॅट फोडणं), हेक्झेनने एक्स्ट्रॅक्शन, सुकवून १ मि.लि. मेथॅनॉलमध्ये. गरम करत नाही, कारण डीचं प्रीव्हिटॅमिन होतं.

अडचण ही की साध्या मेथॅनॉलमधल्या ५० नॅनोग्रॅमच्या स्टँडर्डला जेवढा एरिया येतो, त्याच्या ३८ टक्केच दुधाच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये येतो. फुल स्कॅन घेतला तर ३९७ (एम+एच, म्हणजे डी२ अधिक प्रोटॉन) बुटका, ४१९ चा (डी२ ला सोडियम चिकटलेला) सोडियम अ‍ॅडक्ट त्याच्या दुप्पट, आणि ४३५ ला आणखी काहीतरी उभं आहे, ते कळलं नाही. सोडियम अ‍ॅडक्ट फोडायला गेलो तर कामाचं काहीच सुटत नाही.

कपाटात एपीसीआयचा प्रोब डबाबंद पडून आहे. सर्व्हिस इंजिनिअर म्हणाला, एपीपीआय (प्रकाशाने आयन बनवणारा सोर्स) घ्या. कोटेशन बघून साहेबांनी चहा अर्धा सोडला. तिसरा मार्ग पीटीएडीने डेरिव्हटायझेशन, म्हणजे डी२ ला हे रसायन जोडून मग मोजायचं. कुणी केलंय का?

जुनाखोड:
ते ४३५ म्हणजे डी२ अधिक पोटॅशियम. ३९६ मध्ये ३९ मिळवा. तुमचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हेक्झेनबरोबर वर येतंय, आणि एकटं येत नसणार, साबण घेऊन येतंय. फॅटचं सॅपोनिफिकेशन केलं म्हणजे आपण साबणच बनवला ना! साबण थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. ईएसआयमध्ये आयन सुटायची जागाही तीच, मग डी२ ला वाव कुठून? आधी हेक्झेन पाण्याने धुवा, धुतलेल्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होईनासं होईपर्यंत. जोरात हलवू नका, इमल्शन झालं तर दिवस गेला.

एमएसवाली:
दादा म्हणतात ते बरोबर, पण धुण्याने कोलेस्टेरॉल जाणार नाही. ते सॅपोनिफाय होत नाही आणि दुधात डीच्या हजारो पट असतं. म्हणून कॉलमनंतर टी-जॉइंट लावा, सिरिंज पंपाने डी२ सतत सोडत राहा आणि फोर्टिफाय न केलेल्या दुधाचा एक्स्ट्रॅक्ट इंजेक्ट करा. बेसलाइन जिथे खड्ड्यात जाते तिथे सप्रेशन, म्हणजे दुसरे घटक सिग्नल दाबताहेत. डी२ त्याच खड्ड्यात येत असेल तर ग्रेडियंट (सॉल्व्हंटचं बदलतं प्रमाण) बदला.

एपीसीआय नक्की लावा. डी२ ला ना अमाइन, ना आम्ल, एक हायड्रॉक्सिल काय ते. प्रोटॉन धरायला जागाच नाही, म्हणून ईएसआयची त्याच्याशी गट्टी जमत नाही. एपीसीआयमध्ये आधी सगळं वाफ होतं, मग कोरोना नीडलच्या डिस्चार्जमधून सॉल्व्हंटचे आयन प्रोटॉन देतात. थेंबाच्या पृष्ठभागाची मारामारी तिथे नाही. मात्र अ‍ॅसिटोनायट्राइल टाळा, नीडलवर काजळी धरते.

एपीपीआय चांगलंच आहे, क्रिप्टॉनचा दिवा सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे फोटॉन देतो, डोपंट (आयन बनायला मदत करणारा पदार्थ) म्हणून टोल्युइन सोडायचं. पीएएचसारखे (अनेक बेंझिन कडी जोडलेले) रेणू असते तर मीही तेच म्हटलं असतं. या कामापुरता नवा सोर्स घेणं म्हणजे उधळपट्टी. पीटीएडीने ईएसआयवर सिग्नल मस्त वाढतो, पण दोन एपिमर (एका जागी रचना उलटलेली जुळी रूपं) होतात, पीक दुभंगतं आणि रोजच्या नमुन्यांना एक पायरी वाढते.

मूळ प्रश्नकर्ता (आठ दिवसांनी):
ताई, दादा, दोघांचे आभार. चार वेळा धुतल्यावर गुलाबी गेलं, ४३५ जवळपास संपला, ३८ चे ६१ टक्के झाले. उरलेला खड्डा बरोबर डी२ च्या वेळेवर होता, ग्रेडियंट सपाट करून बाजूला काढला. मग एपीसीआय: ९० टक्क्यांच्या वर. पहिल्या दिवशी सवयीने अ‍ॅसिटोनायट्राइलची बाटली तशीच राहिली आणि संध्याकाळी नीडलचं टोक पेन्सिलीसारखं काळं! बारीक पेपरने घासून घेतलं.

एक राहिलं. एपीसीआयमध्ये ३७९ (पाणी गेलेला) ३९७ पेक्षा उंच येतो. ट्रान्झिशन (मोजायला कुठला आयन निवडून फोडायचा ते) कुठून घेऊ?

एमएसवाली:
व्हेपोरायझरचं तापमान किती? ४५० असेल तर ३५० वर आणून बघा, पाणी कमी सुटेल. पुरेसा सिग्नल असेल तर ३९७ वरूनच. स्टेरॉल म्हटलं की पाणी सोडणारच, म्हणून ३७९ वर भरवसा कमी. आणि एर्गोस्टेरॉल, ल्युमिस्टेरॉल, टॅकिस्टेरॉल या सगळ्यांचं वस्तुमान डी२ एवढंच. डी२ बनवतातच एर्गोस्टेरॉलवर यूव्ही पाडून, त्यामुळे प्रीमिक्समध्ये ही भावंडं सापडू शकतात. त्यांना कुठलाच सोर्स वेगळं करणार नाही, कॉलमनेच करायचं.

जुनाखोड:
आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेला डी२ तुलनेचं मानक म्हणून सॅपोनिफिकेशनच्या आधीच घाला, शेवटी नाही. त्याने आकडा सुधारतो, पीक उंच होत नाही, हे साहेबांना आत्ताच सांगून ठेवा.